माळकरी मासे

आमच्या घरात मासे होते आणि ते माळकरी होते.

हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत टाकलं की आजूबाजूची ताटं थांबतात. मग मी रंगात येऊन पुढचं सांगतो. घरातल्या मुलांना ही गोष्ट पाठ आहे, कुठे हसायचं तेही पाठ आहे. साबुदाण्यापर्यंत ती हसतात. साबुदाणा आला की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठतो आणि पुढची गोष्ट राहून जाते. कागदावरून उठून जाता येत नाही, म्हणून इथे पुरती सांगतो.

गोष्ट माझ्या आत्याची आहे. वडिलांची ही थोरली बहीण, औशाच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. तिचं घर म्हणजे काळ्या दगडाच्या रुंद भिंती, वर माळवद, आणि माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकत आलेली पिढ्यांची माती. उन्हाळ्यात आत इतकं गार असायचं की सुट्टीत गेलो की आम्ही दुपारी गोधडी मागायचो. गणपती बोळवले त्या रात्रीच्या पहाटे भूकंप झाला, आणि ते सगळं गार घर आत्याच्या नवऱ्यावर आणि एकुलत्या मुलावर बसलं.

आत्या वाचली, कारण म्हैस दावं ओढत होती म्हणून ती बघायला उठली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"म्हणलं पोराला उठवावं, दाव्याला हात लावंल. पर दिसभर गणपतीपुढं नाचला व्हता. दमला व्हता. म्हणलं झोपू दे."

मग हातातली काडी मोडून बघत म्हणाली, "ही मेथी लई जून हाय. कुणाकडून आणलीस?"

मी कुठल्या बाजारातून आणली ते सांगितलं.

ती लातूरला आमच्याकडे आली ती एका गाठोड्यानिशी. आल्या आल्या तिनं वर बघितलं. आमच्या घराला स्लॅब. तिनं बाज उचलली आणि अंगणात लिंबाखाली नेऊन टाकली. तेव्हा त्यात काही वेगळं नव्हतं. अख्खं लातूर बाहेर झोपत होतं. मैदानांवर, रस्त्याकडेला, पत्र्याच्या शेडांत. अधूनमधून जमीन बारीकशी हलायची आणि आम्ही आपली पांघरुणं घट्ट करायचो. पण हळूहळू माणसं आत गेली. माणूस कशालाही सरावतो, छपराला तर लगेच. आत्या गेली नाही. पावसात तिनं बाजेवर ताडपत्री बांधली. थंडीत गोधडीवर पोतं घेतलं. आणि थंडी संपली तरी तिचा खोकला काही संपला नाही.

डॉक्टरांनी छाती तपासून मला बाजूला घेतलं. "यांना आत झोपवा. ही छाती असे फार हिवाळे काढायची नाही."

म्हणजे काम साधं होतं. एका म्हातारीला दारातून आत आणायचं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, धरणाचं पाणी कागदावर कुठूनही कुठे नेत होतो. आत्याला काही उंबऱ्याच्या आत नेता आलं नाही.

"आत्या, स्लॅबमध्ये लोखंड असतंय. पडत नाही."

"मग लोखंड बी पडंल अंगावर. वर काय कमी हाय का?"

त्या काळात घरोघरी एक यंत्र होतं. तांब्या पालथा घालायचा, त्याच्या बुडावर वाटी ठेवायची. जमीन हलली की वाटी पडते, खण्ण आवाज होतो, माणसं बाहेर. मी असं यंत्र आत मांडून आत्याला दाखवलं. म्हटलं, हे राखण करील, तू झोप. तिनं ते दोन-चार रात्री मान्य केलं. पण आमच्याकडे मांजर येत असे. वाटी पडायची आणि मी टॉवेल सावरत अंगणात. शेवटी आत्याच म्हणाली, "ह्या तांब्याला भूकंपातलं आन् मांजरातलं कळत न्हाई. म्हशीला कळत व्हतं. जित्राबाला कळतंय, भांड्याला न्हाई."

म्हैस काही मी घरात बांधू शकत नव्हतो. मात्र माशांना भूकंप आधी कळतो, असं कुणीतरी ऑफिसात म्हणालं. खरंखोटं मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण मी आत्याला सांगितलं, आणि ती पहिल्यांदा थांबून म्हणाली, "माशाला? पाण्यात असतंय, पाणी आधी हालंल. बराबर हाय."

नांदेडला आमचं वरचं ऑफिस होतं, तिथे मी फायली पोचवायला जात असे. त्या फेरीत मी काचेची पेटी आणि तीन मासे घेतले, दोन केशरी, एक काळा. दुकानदार जुन्या नांदेडातले चाचा, बोलायला गोड. मी विचारलं, हे खातात काय?

"कुछ बी खाते साब. दिल बडा है इनका." आणि त्यांनी दाण्याचं पाकीट हातावर ठेवलं.

पेटी मांडीवर आणि पाण्याची पिशवी हातात धरून मी बसमध्ये बसलो. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय?"

"मासे."

"कच्चे का शिजलेले?"

"जिवंत."

"मग अर्धं तिकीट लागंल," तो म्हणाला आणि सगळी बस हसली. मीही हसलो. पिशवीचा दोरा करंगळीला करकचून बांधला होता, करंगळी निळी पडली होती, तरी हसलो.

घरी बायकोनं पेटी बघितली. लातुरात नळ कधीतरी यायचा, आला की सगळी गल्ली हंडे घेऊन धावायची. "माणसाला प्यायला पाणी नाही," ती म्हणाली, "आणि आमच्या साहेबांनी तळं आणलंय." पण आत्यानं पेटीपुढे बसकण मारली. मासे बघितले. पाणी बघितलं. पाणी स्थिर होतं. मग तिनं दाण्याचं पाकीट उचलून नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं.

"ह्यात झिंगा हाय."

"अगं, माशांचं खाणं आहे ते."

"मासे आणलेस ते आणलेस. राखणीला आणलेस, राहू दे. पर माळ घातलेल्या घरात माशाला मासळी खाऊ घालणार व्हय? मी ह्या खोलीत झोपायचं तर ह्यांनी आपल्यातलं खायाचं."

झालं. म्हणजे आत्याच्या छातीचा प्रश्न आता माशांच्या पोटावर येऊन बसला. मासे जगले पाहिजेत, तरच ती आत झोपणार. आणि मासे शाकाहारी झाले पाहिजेत, तरच ती त्यांच्या खोलीत पाऊल टाकणार.

पहिल्या दिवशी मी मराठवाड्याच्या माणसाला सुचेल तेच केलं. ज्वारीची भाकरी कुस्करून टाकली. संध्याकाळपर्यंत पाण्याची कढी झाली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, जणू मीठ कमी आहे म्हणत होते. मग डाळीचं पीठ, तेही तसंच. भिजवलेले शेंगदाणे घातले तर पाण्यावर तेलाचा तवंग आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की पीठ, तेल आणि मीठ हे तीन आमच्या घराचे खांब आहेत आणि नेमके तेच माशांना चालत नाहीत.

वाटाणा सापडला तो बायकोच्या हातून. ती पेटीशेजारी बसून उकडलेल्या वाटाण्याची सालं काढत होती, रागानंच, कारण मी तिला सांगितलं होतं. एक दाणा निसटून पाण्यात पडला. काळ्यानं तो तोंडात धरला, थुंकला, पुन्हा धरला आणि गिळला. तेव्हापासून आमच्याकडे वाटाणा माशांचा झाला. बिनमिठाचा, बोटांत मऊ चेपेल असा शिजवायचा, साल काढायची, कुस्करून थोडा थोडा टाकायचा. पहिली सालं मी आळसानं काढली नव्हती, ती माशांच्या तोंडाला लोंबत राहिली. वाटाणा नसेल तेव्हा तुरीच्या हिरव्या शेंगांचे सोले, तेही सोलून. पालक गरम पाण्यातून काढून. काकडीची चकती, पण ती तरंगते, म्हणून तिला स्टीलचा चमचा बांधून तळाशी सोडायची. उरलेलं तासाभरात बाहेर काढायचं, नाही तर पाणी नासतं. हरभऱ्याची कोवळी भाजी मला फार आवडते म्हणून मी ती घालून पाहिली. माशांना तिचा आंबटपणा झेपला नाही. शेपूला त्यांनी तोंड लावलं नाही, आणि त्या बाबतीत मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या बाजूनं होतो.

सगळ्यांत भारी ठरली ती विहिरीच्या पाण्यावर टिकल्यांसारखी तरंगणारी बारीक हिरवी पानं. ऑफिसातल्या एकाचं लातूरजवळच्या मुरुडला शेत होतं. तो डबा भरून आणायचा. एकदा मधल्या सुट्टीत आमचे डबे बदलले, आणि साहेबांसमोर माझ्या मित्रानं झाकण उघडून विचारलं, "वहिनींनी आज काय केलंय, पाणीपुरी का?" ती पानं मी घरी नेऊन चार वेळा धुऊन पाण्यावर सोडायचो. मासे दिवसभर चरत राहायचे. गुरं जशी.

मासे तुकतुकीत झाले. आणि आत्या आत आली.

तिनं बाज पेटीशेजारी टाकली. उशी पेटीकडे करून झोपायची, म्हणजे डोळा उघडला की आधी पाणी दिसावं. मला वाटलं होतं ती माशांना लेकरं म्हणेल, त्यांच्याशी लाडानं बोलेल. तसलं काही नाही. तिनं त्यांना नोकरीवर ठेवलं होतं. "राखणदाराचा पगार दिला का?" ती सकाळी बायकोला विचारायची. पेटीतली मोटर वीज गेल्यावर बंद पडली की म्हणायची, "बसले बघ हात बांधून." पण खोकला कमी झाला. तो हिवाळा तिनं छपराखाली काढला.

तोवर लातूर बदललं होतं. बाहेरगावची पोरं शिकायला यायला लागली, आधी थोडी, मग एसट्या भरभरून. भूकंपानंतर ज्या पत्र्याच्या शेडांत माणसं झोपली, त्यांत आता क्लास भरू लागले. जिथे बायका रडल्या होत्या तिथे फळा टांगला गेला. घरांवर मजले चढले, दारांवर 'मुलींसाठी खोली मिळेल'च्या पाट्या लागल्या. आत्या ओसरीवर बसून ते बघायची. "समदे वर वर चढून राहिले," ती म्हणायची. "खाली काय हाय ते इसरले."

आम्हीही पाटी लावली. पुढची खोली दिली ती नांदेडच्या पलीकडच्या, इस्लापूरकडच्या एका मुलीला. बारावीला होती, डॉक्टर व्हायचं होतं, आणि समोरच्या शेडातल्या फिजिक्सच्या सरांकडे क्लासला जायची. पोर किडकिडीत, जिभेची तिखट. माशांपुढचा चमचा बांधलेला काकडीचा तुकडा बघून तिनं विचारलं, "काऊन आजी, पळून जाईल म्हणून बांधली का काकडी?" त्या दिवसापासून आत्याचं आणि तिचं जमलं. ती पहाटे उठून अभ्यास करायची, क्लासहून आली की दिवेलागणीला जरा पडायची, आणि आत्या तिला दिवेलागणीला झोपू नये म्हणून रोज रागवायची.

आता फाका.

नांदेडच्या एका फेरीत मी चाचांना म्हटलं, मासे फार खातात, पोटं गोल झालीत. चाचा म्हणाले, "हफ्ते में एक रोज फाका कराव. पेट को आराम." फाका हा आमच्याकडे सगळ्यांना कळणारा शब्द आहे. फाके पडले म्हणजे घरात खायला नाही. मी घरी येऊन आत्याला सांगायला गेलो, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आला आणि अडला. भूकंपानंतरच्या दिवसांत या बाईनं फाके काढले होते. तिच्यापुढे तो शब्द नको वाटला. मी कारकून माणूस, कठीण गोष्ट बऱ्या शब्दांत लिहायची सवय. म्हटलं, "आत्या, माशांना आठवड्यातनं एक दिवस उपास करायचा."

"उपास?" तिचा चेहरा खुलला. "मग चांगलं हाय की. परवा एकादशी हाय, तवापासनं धरू."

मी ऑफिसला निघून गेलो.

आमच्याकडे उपास म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायची गरज नाही. त्या दिवशी आमची घरं नेहमीपेक्षा जास्त खातात. एकादशीला आत्यानं साबुदाणा भिजवला. स्वतःपुरता ताटात काढला, आणि राखणदारांचा मूठभर, बिनमिठाचा, बिनतेलाचा, अगदी मी शिकवल्याप्रमाणे, पाण्यात सोडला. पांढरे मोती खाली उतरताना मासे तुटून पडले असणार. दुपारभर तिनं त्यांना आणखी घातलं. सण होता.

दिवेलागणीला मी घरी पोचलो तेव्हा आत्या पेटीपुढे उभी होती. तिच्या दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. एक केशरी मासा उलटा होऊन स्वतःभोवती गरगर फिरत होता. दुसरा काचेवर तोंड आपटत होता, मागे जात होता, पुन्हा आपटत होता. काळा तळाशी आडवा पडून शेपटी झाडत होता. आणि पाणी हलत होतं. पेटीच्या कडेला लाटा लागत होत्या.

"आलं," आत्या म्हणाली, अगदी हळू. मग तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोठा झाला. "भाईर! समदे भाईर! हालून राहिलं! भाईर!"

मी पदवीधर माणूस. मी एकदाही विचार केला नाही. लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, आणि मग लक्षात आलं की बायको आत आहे. ती माझ्यामागोमाग हातात लाटणं घेऊन आली आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अजून घरात वापरात आहे.

आत्या बाहेर आली नव्हती. ती पुढच्या खोलीत होती. उघड्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिचा बोर्डाचा पेपर होता.

"उठ!"

"आजी," ती झोपेतच म्हणाली, "दमले हो. जरासं झोपू द्या."

आत्या थबकली. हात हवेत तसाच राहिला. मग तिनं त्या पोरीची वेणी धरली आणि तिला खाटेवरून ओढलं.

"झोपू देत न्हाई! उठ! झोपू देत न्हाई म्हणते ना!"

ती दारापर्यंत हेच ओरडत आली. उंबऱ्यावर पोर अडखळून पडली, बांगड्या फुटल्या आणि काच मनगटात शिरली. डावं मनगट, एवढंच बरं. आत्यानं तिला तशीच फरपटत लिंबाखाली आणलं, आणि परत वळून रस्त्यावर गेली, दारं बडवत. भूकंप हा शब्द लातुरात तेव्हा दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नसे. गल्लीभर माणसं बाहेर पडली. समोरच्या शेडातून पोरंपोरी वह्या टाकून आल्या, त्यांचे सर खडू हातात धरून आले. कडेवर लेकरं, कुणाच्या हातात देवाचा टाक, कुणाच्या हातात दुधाचं पातेलं.

आणि आत्या त्यांच्यामधून फिरत होती. एकेकाच्या खांद्याला हात लावत होती. म्हाताऱ्याला, पोराला, सरांना. "आले का? समदे आले का?"

बायकोनं तिचा दंड धरला. "आले, आत्याबाई. समदे आले. बसा तुम्ही."

"या खेपेला समदे आले," आत्या म्हणाली आणि रस्त्याच्या फुफाट्यात बसली.

जमीन हलली नाही. आम्ही उभे राहिलो. अंधार पडला, डास आले. कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "उद्या पेपर आहे पोरांचा. कुणी सांगितलं भूकंप येतोय?" मलाच म्हणावं लागलं, "माशांनी." ते उत्तर त्या गल्लीनं मला पुढे वर्षानुवर्षं परत दिलं. मी दूध आणायला निघालो की सर शेडातून विचारायचे, "काय साहेब, आज राखणदारांचा काय अंदाज?"

आत येऊन दिवा लावला. केशरी दोन्ही पाठीवर तरंगत होते, पोटं फुगून खवले उभे राहिलेले. तळाच्या खड्यांत पांढरे फुगलेले दाणे. मी एक उचलला. बोटांत चिकट झाला.

"आत्या, साबुदाणा कुणी घातला?"

"मी." तिला कळेना मी असं का विचारतोय. "उपास नव्हं का आज त्यांचा? तूच म्हणलास."

मी सांगितलं. उपास म्हणजे काहीच घालायचं नव्हतं. नुसतं रिकामं ठेवायचं होतं. दुकानदार फाका म्हणाला होता.

पलीकडे बायको पोरीच्या मनगटाला हळद लावत होती.

"फाका म्हणायचं व्हतंस की रे," आत्या म्हणाली. "फाका मला कळला असता."

पंगतीतून मी याच्या आधीच उठलेला असतो.

पोरीनं पट्टी बांधून पेपर दिले. काळा मासा जगला. त्याला आधी काहीच दिलं नाही, मग वाटाण्याचा सोललेला कण, मग आणखी एक. पोट उतरलं. पण पाठ सरळ झाली नाही. तो एका अंगावर कलून पोहायचा, मध्येच गिरकी घ्यायचा, मध्येच नाक खाली करून उभा राहायचा.

आत्यानं त्याला काही दिवस पाहिलं. मग बाज उचलली.

"हा आता रोजच भूकंप दावंल," ती म्हणाली.

मी नांदेडहून नवे मासे आणतो म्हटलं. चांगले, तरणे. ती दारात थांबली. "नगं. त्यांच्या भरवशावर झोपत व्हते मी. आन् ते कुणाच्या भरवशावर व्हते?"

उन्हाळा लागला होता, सगळं गाव गच्च्यांवर झोपत होतं, म्हणून तिच्या बाहेर जाण्याकडे कुणी बघितलं नाही. मला वाटलं, पावसाळ्यापर्यंत येईल. पावसाळ्यात ताडपत्री आली.

निकालानंतर ती पोर ट्रंक न्यायला आली. तिचा नंबर लागला होता. बाजेपाशी उकिडवी बसून तिनं आत्यापुढे डावं मनगट धरलं. "हे बघा आजी, तुमची सही. आता जन्मभर सोबत."

"दुखतंय का?"

"नाही हो. पण दिवेलागणीला झोपायचं म्हटलं की डोळा लागत नाही आता."

"बराबर हाय," आत्या म्हणाली आणि हसली. त्या वर्षातलं तिचं मला आठवतं ते हसणं तेवढंच.

थंडी आली आणि छातीनं डॉक्टरांचं म्हणणं खरं केलं. तापात तिला शुद्ध नव्हती तेव्हा आम्ही दोघांनी बाज उचलून आत आणली, पेटीशेजारी, पूर्वीच्या जागी. मला मनातून बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत प्रथमच माझं ऐकलं गेलं होतं. सकाळी तिनं डोळे उघडले. पाण्याकडे बघितलं. काळा नाक खाली करून उभा होता. मग तिनं वर बघितलं, स्लॅबकडे, आणि तिच्या तोंडातून श्वासासारखा एकच शब्द आला.

"भाईर."

बायको माझ्याकडे बघत होती. मी बाजेची एक बाजू धरली, तिनं दुसरी. लिंबाखाली कोवळं ऊन होतं. समोरच्या शेडात सर पाढ्यासारखं काहीतरी म्हणून घेत होते आणि पोरं ते मागोमाग म्हणत होती. दुपारच्या आत आत्या गेली. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही केलं नाही, तिनं सांगितलं ते केलं. बरोबर काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

काळा मासा तिच्यानंतर बरीच वर्षं जगला. कललेलाच. त्याच्यासाठी घरात कधी झिंग्याचं पाकीट आलं नाही. वाटाणा, सोले, पालक, मुरुडची पानं. आठवड्यातून एक दिवस मात्र काही नाही. मी एकादशी धरली होती, आणि मधल्या आठवड्याला सोमवार. त्या दिवशी तो सकाळपासून काचेशी येऊन वाकडा उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"आज फाका," मी त्याला सांगायचो. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून.

मग आत जाऊन मी माझा उपास करायचो. साबुदाण्याची खिचडी, वर दही.